हॅरिच ते हूक ऑफ हॉलंड: रात्रीची फेरी, आपली गाडी आणि बावीस महिन्यांची लेक

आम्ही लंडनजवळच्या स्लाउला राहतो, मी, नवरा आणि लेक, लेक तेव्हा बावीस महिन्यांची होती. एप्रिलच्या शेवटी ट्युलिप बघायला आपली गाडी घेऊन हॉलंडला गेलो आणि जाताना-येताना दोन्ही वेळा स्टेना लाइनची हॅरिच ते हूक ऑफ हॉलंड ही रात्रीची फेरी, म्हणजे गाड्यांसकट नेणारं जहाज, घेतली. जायच्या आधी लहान मूल घेऊन ही फेरी केलेल्या आपल्या कुणाचं तरी लिहिलेलं वाचायला मिळावं म्हणून मी खूप शोधलं आणि मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी सगळ्यात मोठा प्रश्न, की फेरीच का. आमच्या ओळखीतले बहुतेक जण फोकस्टनवरून समुद्राखालच्या बोगद्याच्या ट्रेनमध्ये गाडी घालतात, पस्तीस मिनिटांत फ्रान्समधलं कॅले, विषय संपला. पण कॅलेला उतरल्यावर रॉटरडॅमपर्यंत अजून जवळजवळ तीनशे किलोमीटर गाडी चालवायची असते, अँटवर्पचा रिंग रोड मध्ये येतो, आणि आमची लेक कार सीटमध्ये दीड तास शांत बसते, त्यानंतर पाय झाडायला लागते आणि मग आपल्याला काहीच सुचत नाही. डोव्हर-कॅलेच्या साध्या फेरीचं पण तेच, दीड तासात पलीकडे आणि मग तोच रस्ता. हॅरिचचं गणित वेगळं आहे, रात्री अकराला जहाज सुटतं, सकाळी तिकडच्या आठला हूकला लागतं, हूकवरून हेग अर्ध्या-पाऊण तासावर. म्हणजे खरा लांबचा टप्पा मूल झोपलेलं असताना जहाजच पार करतं. रात्रीच्या फेरीत केबिन घ्यावीच लागते, त्यामुळे आकडा बघून आधी दचकायला होतं, पण आम्ही बोगदा अधिक पेट्रोल अधिक वाटेत एका रात्रीचं हॉटेल असं धरून बघितलं तर फार फरक पडत नव्हता. आमचं मत आत्ताच सांगते, दोन वर्षांच्या आतबाहेरचं मूल असेल तर हीच फेरी घ्या.

स्लाउहून एम२५ ने वर जाऊन मग ए१२, चेम्सफर्ड, कोलचेस्टर आणि शेवटी ए१२०, साधारण अडीच तास. आम्ही मुद्दाम संध्याकाळी सहाला निघालो, म्हणजे कोलचेस्टरला थांबून तिला जेवायला घालता येईल. इथे एक सांगते, गाडीत जाताना तिला झोपू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, कारण ती सात वाजता गाडीत झोपली की जहाजावर रात्री बारापर्यंत टक्क जागी. मी मागे तिच्याशेजारी बसून बडबडगीतं म्हणत राहिले, आवाज बसला पण ती जागी राहिली. बंदरावर रात्री नवाच्या आसपास पोचलो. चेक-इन सुटायच्या पाऊण तास आधी बंद होतं, पण तेवढं ताणूच नका, लवकर आत घेतात तेव्हा लवकर जा, केबिनमध्ये जाऊन पोराला रुळायला वेळ मिळतो आणि ते फार महत्त्वाचं आहे.

आता गाडीत काय न्यायचं याबद्दल, कारण इथे आपल्या लोकांची गडबड होते. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. दूध, दही, पनीर, चीज आणि हो, तूप पण. आदल्या दिवशी सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल, "अगं पोरीच्या भाताला तूप घेतलंस ना डब्यात?" तिला समजावताना माझ्या नाकी नऊ आले, तिचं एकच, घरी कढवलेलं आहे, त्याला कोण कशाला अडवेल. पण नियम म्हणजे नियम. लहान मुलांच्या दुधाची पावडर आणि बाळांसाठीचं तयार अन्न मात्र चालतं, माणशी दोन किलोपर्यंत, फक्त सीलबंद पाकीट पाहिजे आणि उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं नको. म्हणून मी तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि नाचणीचं सत्व एवढं घेतलं, आणि तूप घरीच ठेवलं.

बाकी गाडीचं म्हणाल तर हेडलाइटला लावायचे स्टिकर घ्या, आपल्या गाड्यांचे दिवे डावीकडच्या रस्त्यासाठी असतात आणि तिकडे समोरच्याच्या डोळ्यावर येतात. नंबर प्लेटवर यूके नसेल तर मागे यूकेचा स्टिकर लावा, जुना जीबीवाला २०२१ पासून चालत नाही. इन्शुरन्सवाल्यांना फोन करून युरोपात कव्हर कितीचं आहे हे विचारा, आमच्या पॉलिसीत नुसतं कायद्यापुरतं होतं, ते वाढवून घेतलं. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा, सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाची फी नाही पण अर्ज आणि अपॉइंटमेंट लागतेच, आणि वसंतात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, दोन-अडीच महिने आधीच मागे लागा.

जहाज. या मार्गावर दोन जहाजं आहेत, स्टेना हॉलंडिका आणि स्टेना ब्रिटानिका, दोन्ही २०१० ची, जुळी बहिणी म्हणा, प्रत्येकी २४० मीटर लांब. आकडा वाचून काही कळत नाही, पण रांगेत गाडी उभी करून वर बघितलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं ही बिल्डिंग आहे." आजूबाजूला मोठमोठे ट्रक आत जात होते आणि आमची छोटी गाडी त्यांच्या मधोमध. लेक खिडकीला नाक लावून "ट्लक, ट्लक" करत होती, तिला तिथेच सहल सुरू झाली.

आता नीट वाचा. गाडी आत लावली, हँडब्रेक ओढला, वर गेलात, की गाड्यांचा डेक बंद होतो. सकाळी बोलावतील तेव्हाच परत खाली जाता येतं. हे मला माहीत होतं, मी रात्रीची वेगळी बॅग भरली होती, नॅपी, वाइप्स, दोन जोड कपडे, औषधाची पिशवी, थर्मासमध्ये मऊ भात, पाण्याची बाटली, तिचं कापडी पुस्तक, सगळं. आणि तिची गोधडी मागच्या सीटवर राहिली. ही गोधडी माझ्या आईने तिच्या दोन जुन्या सुती साड्यांची शिवलीय, एक जांभळी, एक हिरवी, आणि लेक झोपताना त्या गोधडीचा एक ठरावीक कोपरा, जिथे टाके सुटलेत, तो बोटात धरून झोपते. तो कोपरा नाही तर झोप नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते. मी धावत रिसेप्शनला गेले, तिथल्या बाई खूप प्रेमाने बोलल्या पण डेक बंद झाला होता, सुरक्षेचा प्रश्न आहे, नाही म्हणजे नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी एक जादा पांघरूण दिलं. लेकीने ते लाथेने खाली ढकललं. अर्धा तास रडली, सगळी केबिन डोक्यावर घेतली, मला शेजारच्या केबिनमधल्यांचं टेन्शन. शेवटी मी माझी सुती ओढणी घडी घालून तिच्या हातात दिली, तिचा गोंड्याचा कोपरा तिने बोटाने चाचपून बघितला, दोन-तीनदा हुंदका दिला आणि झोपली. म्हणून सांगते, रात्रीची बॅग भरताना मुलाची जी काय गोधडी, बाहुली, मळका ससा असेल ते पहिलं आत टाका, नॅपी नंतर.

केबिन आमची आतली होती, म्हणजे खिडकी नसलेली. मुद्दाम घेतली, दोन कारणांनी. एक, आतली स्वस्त, आणि दुसरं, काळोख पूर्ण होतो, एप्रिलमध्ये सकाळी लवकर उजाडतं आणि उजेड दिसला की आमची लेक उठून बसते. दोन पलंग खाली आणि दोन वर भिंतीत दुमडलेले, ते लागत नसतील तर दुमडलेलेच ठेवा, शिडी दिसली की पोरं चढतात. बुकिंगच्या वेळी बाळाची कॉट मागितली होती, पण ती त्या रात्री कॉटमध्ये काही राहिली नाही, माझ्याच कुशीत झोपली, मी बाहेरच्या बाजूला आडवी आणि ती भिंतीकडे. केबिनमध्येच छोटं बाथरूम, शॉवर, गरम पाणी झकास. बाथरूमला दारात चांगला उंच उंबरठा असतो, जहाजात असतोच, लेक दोनदा अडखळली, तेव्हा मी तिथे दुमडलेला टॉवेल ठेवला. आणि फ्लश करताना विमानासारखा खाडकन मोठा आवाज येतो, झोपलेलं मूल असेल तर बाथरूमचं दार आधी लावा आणि मग बटण दाबा. केबिनचं मुख्य दार पण जड आहे आणि आपोआप लागतं, बोटं सांभाळा.

झोपायच्या आधी आम्ही तिला वर मोकळ्या डेकवर नेलं होतं, दहा मिनिटंच, कारण वारा काय विचारू नका, कानटोपी पाहिजेच. समोर लांबवर फेलिक्सस्टोव्हचं बंदर दिसतं, कंटेनरचं ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं बंदर, त्याच्या उंच क्रेन आणि सगळ्यांवर दिवे. ती बोट दाखवून "बाप्पा, बाप्पा" म्हणाली. आम्हाला आधी कळेना, मग कळलं, गणपतीत आम्ही हॉलमध्ये ज्या दिव्यांच्या माळा लावतो तसंच तिला ते दिसत होतं. तिने हात जोडले, मग आम्हीही जोडले.

आत मुलांना खेळायची छोटी जागा आहे, दुकान आहे, सिनेमा आहे, रेस्टॉरंट आहे, आम्ही खेळायची जागा सोडून बाकी काही फार बघितलं नाही. जेवण आम्ही घरचं नेलं होतं, थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी, लेकीला मऊ भात. रेस्टॉरंटमध्ये गरम पाणी मागितलं तर लगेच दिलं, बाटली धुवायला पण दिलं, तोंड वाकडं केलं नाही कुणी. सकाळचा नाश्ता तिथेच केला, पोरांना आवडेल असं अंडं, ब्रेड, फळं, दही सगळं होतं.

समुद्र लागतो का, हे सगळे विचारतात. जाताना अजिबात नाही. येताना वारा होता, जहाज हळूहळू डोलत होतं आणि मला थोडं मळमळलं, पण लेक मजेत झोपली होती. जहाज एवढं मोठं आहे की एकदम हिसका बसत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनी खालच्या डेकवरची, मधल्या भागातली केबिन मागावी, टोकाला जास्त हलतं. आणि मुलाला उलटीचं औषध द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. मला स्वतःला ती इंजिनाची घरघर आवडली. लहानपणी सांगलीहून मुंबईला मामाकडे रातराणीने जायचो, खिडकीच्या काचेला डोकं टेकवून, ती एसटीची घरघर अंगात भिनायची आणि कराड यायच्या आत झोप लागायची, अगदी तसं वाटलं. त्या रात्री लेक एकदाच उठली, पाणी प्यायली, परत झोपली.

आता या फेरीतली खरी अडचण, रात्र छोटी असते. हॉलंडचं घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे सकाळी साडेसहाला केबिनमधल्या स्पीकरवर उठवायला गाणं लागतं तेव्हा मुलाच्या अंगात साडेपाचच वाजलेले असतात. आमची साडेअकराला झोपलेली, म्हणजे सहा तास झोप. किरकिर होणारच, धरून चला. आम्ही म्हणून पहिल्या दिवशी काही ठरवलंच नव्हतं. उतरल्यावर सरळ हूकच्या बीचवर गेलो, बंदरापासून दोन-चार मिनिटांवर आहे, रुंद, स्वच्छ, त्या वेळी माणूस नाही. ती वाळूत बसली, मी तिला गाडीतली गोधडी दिली, तिने ती डोक्यावर घेतली आणि तासभर शिंपले गोळा केले. मग गाडीत बसवलं तशी दोन तास झोपली. उतरायची पद्धत अशी की डेकप्रमाणे बोलावतात, जिना नीट लक्षात ठेवा, फोटोच काढून ठेवा, सकाळी सगळे एकदम निघतात आणि लिफ्टला गर्दी होते. बाबागाडी गाडीतच राहू द्या, मूल कडेवर नाहीतर कॅरियरमध्ये. पासपोर्ट तपासणी गाडीत बसल्या बसल्या होते.

गाडी चालवायचं नवऱ्याने केलं. उजवीकडून चालवणं मोटरवेवर सोपं, चौकात आणि राउंडअबाउटला मी शेजारून "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत होते. सायकलवाल्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, वळताना ते कुठून येतात कळत नाही आणि मान त्यांचाच. बहुतेक मोटरवेवर सकाळी सहा ते संध्याकाळी सात वेग १०० किलोमीटर, आपल्या गाडीत मैल मोठे लिहिलेले असतात म्हणून मी कागदावर १०० म्हणजे ६२ असं लिहून समोर चिकटवलं होतं. आणि रॉटरडॅमच्या पश्चिमेला २०२४ च्या डिसेंबरमध्ये ए२४ चा नवीन बोगदा उघडलाय, त्याला टोल आहे पण टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे आपण आपले तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचे. नकाशा आपल्याला तिकडून पाठवतो, पाटी चुकली की दंड, त्यामुळे ध्यानात ठेवा.

राहायला लिसेजवळ एक शेतावरचं घर घेतलं होतं, नाव नाही लिहीत. बुकिंगच्या वेळी जिन्याला लहान मुलांसाठी फाटक आहे असं लेखी कळवलं होतं, प्रत्यक्षात नव्हतं. हॉलंडमधले जुने जिने म्हणजे शिडीच, उभे आणि पायऱ्या अर्ध्या पावलाच्या. मालकाला फोन केला तर उद्या बघतो म्हणाले, तो उद्या चारही दिवस आला नाही. आम्ही दोन खुर्च्या आणि सुटकेस आडवी लावून काम भागवलं, पण माझा जीव सतत त्या जिन्यात. ज्यांना बुकिंग करायचंय त्यांनी फाटकाचा फोटो मागवा.

पण त्याच घरात स्वयंपाकघर चांगलं होतं. आल्बर्ट हाइनमध्ये गेलो आणि मिठाशिवायचं लोणी शोधलं, तिकडे त्याला रूमबोटर म्हणतात, पाकिटावर ओंगेझाउटन म्हणजे बिनमिठाचं. दोन पाकिटं आणली, मंद गॅसवर कढवायला ठेवली, आधी फेस, मग तो तडतड आवाज, मग बेरी तळाला बदामी झाली आणि सगळ्या घरात वास सुटला. मी आईला व्हिडिओ लावला आणि पातेलं दाखवलं. "रंग बरोबर आलाय," म्हणाली, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. लेकीने बेरी साखर घालून खाल्ली. उरलेलं तूप मात्र परत आणता आलं नाही, ब्रिटनने २०२५ च्या एप्रिलपासून युरोपातून गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातलीय, तिकडे जनावरांत लाळ्या-खुरकूत आल्यामुळे. गौडा चीज आणायचं डोक्यातून काढून टाका, तिथेच खा.

फिरण्याबद्दल फार लिहीत नाही. कॉकेनहॉफ ही ट्युलिपची बाग, मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, तिकीट वेळेनुसार ऑनलाइन काढायचं, चार वर्षांखालच्या मुलांना फुकट, सकाळी पहिल्या वेळेला जा. हेगला मादुरोडाम, सगळं हॉलंड १:२५ मापात, छोट्या आगगाड्या, छोटी विमानं, लेक तिथून हलायला तयार नव्हती. आणि हेगमध्येच सुरिनामी रोटीच्या दुकानात जेवा. १८७३ मध्ये लाला रुख नावाच्या जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, सुरिनामला, तेव्हाच्या डच वसाहतीत, गेले, बिहार-उत्तर प्रदेशकडचे, त्यांची पुढची पिढी हॉलंडला आली, मोठी वस्ती हेगमध्ये. रोटीबरोबर बटाटा आणि लांब चवळीच्या शेंगांची भाजी येते, जिऱ्याचा वास येतो, आणि लेकीने पाच दिवसांत पहिल्यांदा ताट साफ केलं.

परतीची फेरी हूकहून रात्री दहाची होती. लवकर पोचलो तर बंदराजवळ फिरताना एक शिल्प दिसलं, बॅगा घेऊन उभी असलेली लहान मुलं, फ्रँक माइसलर यांचं, २०११ मध्ये बसवलेलं. १९३८ आणि ३९ मध्ये नाझींच्या तावडीतून जवळजवळ दहा हजार मुलांना ब्रिटनमध्ये नेलं, त्यातली बहुतेक ह्याच हूक-हॅरिच मार्गाने, रात्रीच्या जहाजाने, आईवडिलांशिवाय. पहिली सुमारे दोनशे मुलं २ डिसेंबर १९३८ ला हॅरिचला उतरली. बऱ्याच जणांची आईवडिलांशी परत भेट झाली नाही. लेक त्या शिल्पातल्या एका मुलीच्या बॅगेवर हात फिरवत "माझी, माझी" म्हणत होती. मी तिला उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. तुम्ही या मार्गाने गेलात तर दहा मिनिटं तिथे नक्की थांबा.

या वेळी गाडी लावल्याबरोबर गोधडी माझ्या खांद्यावर होती, नवऱ्याने दोनदा विचारून खात्री केली. लेक दहा वाजायच्या आत झोपली, जहाज सुटलेलं तिला कळलंही नाही. परतताना घड्याळ एक तास मागे येतं, त्यामुळे रात्र मोठी मिळते आणि साडेसहाला हॅरिच. झोपेतच तिला गोधडीत गुंडाळून खाली नेली, कार सीटला बांधली. पासपोर्टच्या खिडकीशी गाडी थांबली तेव्हा अधिकाऱ्यांनी मागची काच खाली करायला सांगितली, वाकून तिचा चेहरा बघितला, पासपोर्टातला फोटो बघितला, आणि हळू आवाजात म्हणाले, उठवू नका. नवऱ्याने काच वर केली आणि आम्ही ए१२० ला लागलो.